मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांतील त्यागाचे स्वरूप : 'अरुणोदय', 'माझी साक्ष' आणि 'स्मृतिचित्रे' यांच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म स्वीकारणे ही केवळ उपासनापद्धती बदलण्याची गोष्ट नव्हती. घर, जात, पंगत, विवाहसंबंध, वारसा आणि मृत्यूनंतरचे संस्कार या साऱ्यांच्या मुळाशी जाणारा तो निर्णय होता. त्यामुळे या काळातील ख्रिस्ती लेखकांच्या आत्मपर लेखनात त्यागाचा विषय टाळता येण्यासारखा नव्हता. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात या लेखनाची दखल घेतली गेली आहे. तथापि ती प्रामुख्याने भाषाशैली, समाजचित्रण किंवा स्त्रीजीवनाचे दर्शन या अंगांनी घेतली गेली. श्रद्धा आचरणात आणताना कोणी काय सोडले, आणि सोडणाऱ्याखेरीज आणखी कोणाला काय सोडावे लागले, हा प्रश्न मात्र या ग्रंथांना एकत्र ठेवून फारसा विचारला गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' (१८८८), पंडिता रमाबाई यांची १९०७ मध्ये प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झालेली व मराठीत 'माझी साक्ष' या नावाने वाचली जाणारी आत्मकथा, आणि लक्ष्मीबाई टिळक यांची १९३४ पासून भागशः ग्रंथरूपाने आलेली 'स्मृतिचित्रे' या तीन कृतींचा या दृष्टीने विचार केला आहे. तिन्ही लेखक जन्माने हिंदू, तिघेही प्रौढ वयात ख्रिस्ती झालेले. पण त्यागाकडे पाहण्याची तिघांची जागा वेगवेगळी आहे. ही जागा कोणती, यावरून त्यांच्या निवेदनाचे स्वरूप कसे ठरते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. त्याग : दोन परंपरा आणि एक भाषा

मराठी वाचकाच्या मनात 'त्याग' हा शब्द संन्यास, वैराग्य आणि अपरिग्रह यांच्या सान्निध्यात वावरतो. संसार हा बंध आहे आणि तो सोडणे ही मुक्तीच्या वाटेवरची पायरी आहे, असा त्यामागील संकेत असतो. ज्याचा त्याग करायचा ते मुळातच असार असल्याने, सोडणाऱ्याला होणारे दुःख ही त्याच्या अपक्वतेची खूण मानली जाते.

ख्रिस्ती कल्पना याहून भिन्न आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या आणि लूकच्या चौदाव्या अध्यायात शिष्यत्वाच्या अटी येतात. तेथे आईबाप, पत्नी, मुले यांच्यावरील प्रेमाला येशूवरील प्रेमाच्या खालचे स्थान द्यावे लागते. परंतु हे प्रेम असार आहे असे तेथे म्हटलेले नाही. उलट, ते मोलाचे आहे म्हणूनच ते पणाला लावण्याला अर्थ येतो. लूकच्या त्याच अध्यायात बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. म्हणजे येथे त्यागाची भाषा वैराग्याची नसून किमतीची आहे. सोडलेली वस्तू चांगली आहे, ती सोडताना दुखते, आणि ते दुखणे लपवायचे नाही, असा या कल्पनेचा गाभा आहे. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ मध्ये स्वस्त कृपा आणि मोलाची कृपा असा जो भेद केला त्याचे मूळही याच हिशेबात आहे. नाझी राजवटीला केलेल्या विरोधाची किंमत त्यांनी एप्रिल १९४५ मध्ये फाशी जाऊन दिली.

मराठी ख्रिस्ती लेखकांपुढील भाषिक अडचण येथे ध्यानात येते. 'वधस्तंभ', 'बाप्तिस्मा', 'शुभवर्तमान' असे शब्द त्यांनी रूढ केले; पण त्याग, भक्ती, वैराग्य, आत्मसमर्पण हे शब्द त्यांना संतपरंपरेकडून तयार मिळाले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे जुने अर्थही आले होते. 'साक्ष' हा शब्द या संदर्भात विशेष बोलका आहे. मूळ ग्रीक भाषेत साक्षीदार आणि धर्मासाठी प्राण देणारा या दोघांना एकच शब्द आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेतील 'रक्तसाक्षी' या शब्दाने हे नाते टिकवून धरले. साक्ष देणे म्हणजे केवळ सांगणे नव्हे, तर सांगितल्याचे परिणाम सोसणे, हा अर्थ त्यात गृहीत आहे. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार ख्रिस्ती लेखकांना जवळचा का वाटला, याचे एक उत्तर येथे मिळते.

३. सामाजिक आणि कायदेशीर पार्श्वभूमी

धर्मांतरितांना नेमके काय गमवावे लागत असे, हे समजून घेतल्याशिवाय या ग्रंथांतील भावनिक ताण कळत नाही. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळेतील विद्यार्थिसंख्या एकदम घटली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्याजवळ राहिलेला धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून पुन्हा वाद झाला. न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. पण मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घेता येईल का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्ताच्या बाजूने भूमिका घेतली आणि त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला. धर्मांतरिताच्या बाजूने नव्हे, तर परत येऊ पाहणाऱ्या मुलाच्या बाजूने बोलणाऱ्यालाही किंमत द्यावी लागावी, यावरून त्या सीमारेषेची तीव्रता ध्यानात येते.

१८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद केली. १८६६ मध्ये ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार धर्मांतरामुळेच सहवास नाकारत असेल, तर न्यायालयामार्फत विवाहबंधनातून मुक्त होण्याची सोय कायद्याने झाली. हे दोन कायदे म्हणजे त्या काळातील दुःखाची सरकारी नोंदच होय. मालमत्ता आणि विवाह या दोन ठिकाणी धर्मांतराचा घाव इतका नियमितपणे बसत होता की राज्यसंस्थेला त्यात पडावे लागले. परंतु कायदा मिळकत देऊ शकत होता, आईच्या हातचे जेवण देऊ शकत नव्हता. आत्मचरित्रे सुरू होतात ती या उरलेल्या भागापासून.

४. 'अरुणोदय' : निर्णयापूर्वीचा हिशेब

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगावच्या एका सुस्थित कासार कुटुंबात झाला. मिशनच्या शाळांतून शिकत असताना ख्रिस्ती विचारांचा परिचय, त्याआधीची कर्मठ देवभक्ती, मग संशय, वाचन, वाद आणि अखेर सप्टेंबर १८५४ मध्ये बेळगाव येथे घेतलेला बाप्तिस्मा, असा 'अरुणोदया'चा प्रवास आहे. ग्रंथाच्या नावातील रूपक पाहता अंधारातून प्रकाशाकडे जाणारी सरळ रेषा वाचकाला अपेक्षित असते. प्रत्यक्षात ग्रंथाचा मोठा भाग दिरंगाईचा आहे. बुद्धीला पटल्यावरही पाऊल का उचलले गेले नाही, याचे हे प्रदीर्घ आत्मपरीक्षण आहे.

या दिरंगाईचा अर्थ परमहंस मंडळीच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या या गुप्त मंडळीचे बाबा पदमनजी काही काळ सभासद होते. जातिभेद न मानणारे हे तरुण गुप्तपणे एकत्र जमत, ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात आणि घरी गेल्यावर पूर्ववत आचार पाळत. विचार नवा आणि व्यवहार जुना, अशी ही सोय होती. पुढे सभासदांची नावे फुटताच मंडळी विस्कळीत झाली, हा इतिहास प्रसिद्ध आहे. तत्कालीन समाज खासगी मताला फारशी शिक्षा करीत नव्हता. शिक्षा होती ती उघड कृतीला. पाव गुप्तपणे खाणाऱ्याचे घर शाबूत राहत होते, चारचौघांत बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नव्हे. म्हणून 'अरुणोदया'तील खरा संघर्ष हिंदू आणि ख्रिस्ती मतांमधला आहे असे म्हणण्यापेक्षा, मत बाळगणे आणि मताप्रमाणे जगणे यांमधला आहे असे म्हणणे अधिक योग्य ठरते. त्यागाचा प्रश्न उद्भवतो तो या दुसऱ्या टप्प्यावर.

बाबा पदमनजींच्या निवेदनात आईवडिलांविषयीचा जिव्हाळा लपलेला नाही. वादविवादपर लेखनात कठोर होणारा हा लेखक आत्मचरित्रात घराविषयी लिहिताना मृदू होतो. मात्र एका व्यक्तीबाबत ग्रंथातील मौन जाणवते. ती व्यक्ती म्हणजे त्यांची प्रथम पत्नी. धर्मांतरानंतर ती त्यांच्याकडे नांदायला आली नाही आणि पुढे त्यांनी ख्रिस्ती समाजात दुसरा विवाह केला. पतीच्या दृष्टीने हा त्यागाचा एक भाग होता. त्या मुलीच्या दृष्टीने काय होते, हे ग्रंथ सांगत नाही, आणि त्या काळच्या रीतीचा विचार करता तो सांगू शकलाही नसता. नवरा हयात असताना तिच्या वाट्याला आलेले आयुष्य सधवेचे म्हणायचे की विधवेचे, हे ठरवण्यासाठी समाजाजवळ शब्द नव्हता.

या मौनाशेजारी 'यमुनापर्यटन' (१८५७) ही कादंबरी ठेवली असता एक लक्षणीय बाब पुढे येते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आणि विधवांच्या स्थितीचे चित्रण म्हणून तिचा अभ्यास झाला आहे. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी लिहिलेल्या या कादंबरीत विनायक आणि यमुना हे पतिपत्नी दोघेही मनाने ख्रिस्ती मताकडे झुकलेले आहेत. ते एकत्र प्रवास करतात, एकत्र विचार करतात. लेखकाला प्रत्यक्षात न मिळालेले सहश्रद्ध दांपत्यजीवन त्याने कल्पितात उभे केले, असे म्हणण्यास येथे वाव आहे. आत्मचरित्रात जे दुःख विस्ताराने उच्चारले गेले नाही, त्याचा माग या कादंबरीत लागतो. लेखकाच्या त्यागाचे वाचन केवळ त्याच्या आत्मकथेतून न करता त्याच्या सर्जनशील लेखनातूनही करावे लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

५. 'माझी साक्ष' : लाभाच्या बाजूने मांडलेला हिशेब

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची स्थिती मुळातच निराळी होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सोडून यावे असे घर त्यांना उरलेच नव्हते. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई हे आईवडील तसेच बहीण दुष्काळाच्या वर्षांत अन्नावाचून गेली, भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला, पती बिपिन बिहारी दास मेधावी १८८२ मध्ये गेले. उरली होती ती मनोरमा ही लहान मुलगी. बाबा पदमनजींना ज्या कौटुंबिक पाशांशी झगडावे लागले ते रमाबाईंचे दैवानेच तोडले होते.

तेव्हा रमाबाईंनी काय सोडले? त्यांच्यापाशी असलेली मोठी ठेव म्हणजे समाजातील स्थान. १८७८ मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी झालेला गौरव, १८८२ मध्ये पुण्यात सुधारकांनी केलेले स्वागत, आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ, ही सारी पुण्याई धर्मांतराने पणाला लागली. तिची पुरती किंमत १८९३ मध्ये वसूल झाली. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्यात आले होते. तेथील काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसतात, यावरून वृत्तपत्रांत गदारोळ उठला. 'केसरी'ने कडाडून टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कोणावरही धर्माची सक्ती करणार नाही, पण आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दारही लावून घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. दार लावून घेतले असते तर सदन वाचले असते. परमहंस मंडळीची बंद दारे आणि रमाबाईंचे उघडे दार यांत जे अंतर आहे, तेच मत आणि साक्ष यांत आहे.

टीकाकारांच्या भूमिकेचा उलगडाही न्यायाने केला पाहिजे. ज्या विधवांचे पालकत्व संस्थेकडे सोपवले होते, त्यांच्या मनावर चालिकेच्या श्रद्धेचा प्रभाव पडणे हे पालकांना विश्वासाला तडा जाणारे वाटले, यात अस्वाभाविक काही नव्हते. संस्थेच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या सल्लागारांची अडचणही खरी होती. वादाची खोली कळते ती दोन्ही बाजूंना गमावण्यासारखे काही होते हे मान्य केल्यावर.

रमाबाईंच्या त्यागाचा दुसरा पदर ख्रिस्ती समाजाच्या आतला आहे आणि तो अधिक दुर्लक्षित आहे. वाँटेजच्या भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्यास नकार देऊन त्याजागी संस्कृत अक्षरांचा आग्रह धरणाऱ्या, शाकाहार न सोडणाऱ्या आणि धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेपेक्षा आपल्या सदसद्विवेकबुद्धीला प्रमाण मानणाऱ्या रमाबाई या पत्रांतून दिसतात. ज्या समाजासाठी त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला, त्या नव्या समाजाच्या मर्जीचाही त्यांनी त्याग केला. श्रद्धेसाठी स्वतःला नाकारणे आणि श्रद्धेच्या नावाखाली स्वतःची बुद्धी दुसऱ्याच्या हवाली करणे, या दोन गोष्टी त्यांनी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या. त्यागाच्या चर्चेत हा भेद मूलभूत मानावा लागतो.

आणि तरीही 'माझी साक्ष' या आत्मकथेत त्यागाचा पाढा वाचलेला नाही. आईवडिलांच्या तीर्थयात्रा, उपासमार, मृत्यू यांचे वर्णन सविस्तर येते. पण ते धर्मांतरापूर्वीचे आहे. धर्मांतरानंतरच्या हानीविषयी निवेदिका जवळजवळ गप्प राहते. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता याची जाणीव झाली, हा कबुलीचा भाग तिला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकातच न सरणाऱ्या ठेवीचा उल्लेख आहे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील शेतात पुरलेल्या ठेवीचा दृष्टान्त येथे आठवतो : ते शेत घेण्यासाठी सर्वस्व विकणारा माणूस आनंदाने विकतो. त्याच्या दृष्टीने तो तोट्याचा व्यवहार नसतोच. रमाबाईंच्या निवेदनातील त्यागाचा अनुल्लेख हा विसर नसून भूमिका आहे. १८९६ च्या दुष्काळापासून केडगाव येथे उभी राहिलेली मुक्ती सदनाची वसाहत आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर ही कामे म्हणजे त्या भूमिकेचाच विस्तार होय.

परंतु याही कथेत एक न बोललेले पात्र आहे. मनोरमेला आईबरोबरच बाप्तिस्मा मिळाला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. तिचे बालपण आश्रमात, परदेशांत आणि संस्थेत गेले, पुढील आयुष्य मुक्ती मिशनच्या कामात गेले आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी काही महिने, तिचे निधन झाले. आईच्या श्रद्धेचा वारसा तिने मनापासून चालवला. मात्र तो तिने निवडला की तो तिला मिळाला, हे तिच्या स्वतंत्र आत्मकथेच्या अभावी सांगता येत नाही.

६. 'स्मृतिचित्रे' : दुसऱ्या बाजूने लिहिलेली कथा

'अरुणोदया'तील पत्नीने लेखणी हाती घेतली असती तर काय लिहिले असते, या प्रश्नाचे उत्तर मराठी वाङ्मयाला सेहेचाळीस वर्षांनी मिळाले असे म्हणता येईल. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना (१८६८–१९३६) विश्वासात घेऊन हा निर्णय झालेला नव्हता. पुढची सुमारे साडेचार-पाच वर्षे त्या लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पतीच्या त्यागाची गोष्ट टिळकांनी सांगितली असती तर ती सत्यशोधनाची झाली असती. लक्ष्मीबाई सांगतात ती टाकलेपणाची, लोकांच्या नजरांची आणि पराधीन दिवसांची.

येथे केलेला त्याग आणि वाट्याला आलेला त्याग असा भेद करणे आवश्यक ठरते. टिळकांनी घर सोडले, तेव्हा त्यांच्या हाती त्या बदल्यात काही होते : श्रद्धा, नवे कार्य, नवा समाज. लक्ष्मीबाईंच्या हातून घर गेले आणि बदल्यात काहीच आले नाही. ज्या देवासाठी हे घडले तो त्या वेळी त्यांचा देवही नव्हता. शिष्यत्वाच्या अटींमध्ये पत्नी सोडणाऱ्याचा विचार आहे. सोडल्या गेलेल्या पत्नीचा विचार वाचकाला स्वतःच करावा लागतो. 'स्मृतिचित्रे' तो करायला लावते, आणि तोही आरोपाच्या स्वरात नव्हे. टिळकांवरील प्रेम, त्यांच्या विक्षिप्तपणाविषयीचे कौतुक आणि त्यांच्या निर्णयाने झालेली दुर्दशा या तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात नांदू शकतात, हे या निवेदनाचे सामर्थ्य आहे. विनोद हा तेथे दुःख झाकण्याचा उपाय नसून दुःखाला प्रमाणात ठेवण्याचा उपाय आहे.

लक्ष्मीबाईंचे स्वतःचे धर्मांतर या दृष्टीने अधिक अभ्यसनीय आहे. त्या टिळकांकडे परतल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. सुरुवातीला त्यांचे सोवळे आणि स्वयंपाक स्वतंत्र होता. मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेण्याचा आग्रह धरणाऱ्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील बदलाचे मोल कळते. जातिभेद हा ईश्वराने केलेला नसून माणसाने केला आहे, हा उलगडा त्यांना आपल्याच विचाराने झाला आणि त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये, झाला. म्हणजे बाबा पदमनजींच्या बाबतीत श्रद्धा आधी आणि जातीचा त्याग हा तिचा परिणाम, तर लक्ष्मीबाईंच्या बाबतीत जातीचा त्याग आधी आणि श्रद्धा ही त्यानंतरची पायरी, असा क्रम दिसतो. पतीच्या निर्णयाने जो त्याग त्यांच्यावर लादला गेला होता, तो त्यांनी आपला म्हणून स्वीकारला तो या क्षणी. सोसणे आणि स्वीकारणे यांमधील हे अंतर कापायला त्यांना पाच वर्षे लागली, आणि ग्रंथाचा नाट्यमय गाभा तोच आहे.

ख्रिस्ती झाल्यावर त्यागाचा प्रश्न संपला नाही. त्याचे रूप दैनंदिन झाले. टिळकांचे औदार्य, घरातील पाहुण्यांचा राबता, अनाथ मुलांचा सांभाळ, पैशांची कायमची चणचण, या साऱ्याचा भार स्वयंपाकघरावर पडत असे. देणारे टिळक आणि त्या देण्याची जुळवाजुळव करणाऱ्या लक्ष्मीबाई, असे हे श्रमविभाजन होते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची सेवा सोडून ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या या कवीने अखेरीस वैराग्याची भारतीय भाषाच ख्रिस्ती जीवनासाठी वापरली. आरंभी उल्लेखिलेल्या दोन परंपरा येथे एकत्र येतात. संन्याशाला मात्र घर असते तेव्हा घराचे काय होते, हा जुना प्रश्नही त्याबरोबर पुन्हा उभा राहतो आणि 'स्मृतिचित्रे' तो पुन्हा घराच्याच बाजूने पाहते.

टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यातील दहा-साडेदहा अध्याय टिळकांचे आणि उरलेले साठाहून अधिक लक्ष्मीबाईंचे आहेत. ज्या श्रद्धेने एके काळी त्यांचे घर मोडले, तिचे महाकाव्य त्यांनीच शेवटास न्यावे, या घटनेवर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

७. आत्मचरित्रांबाहेरचा त्याग

या तिन्ही ग्रंथांच्या आधारे मराठी ख्रिस्ती त्यागाविषयी सर्वसाधारण विधान करणे मात्र धोक्याचे ठरेल. अहमदनगर, जालना या भागांत ख्रिस्ती झालेल्यांमध्ये महार आणि मांग समाजातील लोकांची संख्या मोठी होती. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल येथे वसाहत उभारली ती अशाच लोकांसाठी. या मंडळींनी काय सोडले, याची आत्मचरित्रे एकोणिसाव्या शतकात लिहिली गेली नाहीत. ज्याला प्रतिष्ठाच नव्हती त्याने प्रतिष्ठेचा त्याग केला असे म्हणता येत नाही. पण म्हणून त्याने काहीच दिले नाही असेही नाही. बलुत्याच्या धान्यावर जगणाऱ्याने गावकीच्या देवाची कामे नाकारली, तर त्याचा प्रश्न वारसाहक्काचा नसून संध्याकाळच्या भाकरीचा होता. १८५० चा कायदा त्याच्या उपयोगाचा नव्हता, कारण वारशाने मिळावी अशी मिळकत त्याच्यापाशी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाने नवे रूप घेतले. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू धर्माची अट होती. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. त्यामुळे दलित ख्रिस्ती कुटुंबांना श्रद्धा उघडपणे सांगण्याची किंमत सवलतींच्या रूपाने मोजावी लागली. कागदावर एक धर्म आणि प्रार्थनेत दुसरा, अशी दुहेरी नोंद जेथे घडते, तेथे परमहंस मंडळीच्या बंद दाराची आठवण होणे साहजिक आहे; फरक इतकाच की तेथील सभासदांपुढे प्रश्न अब्रूचा होता आणि येथे तो उदरनिर्वाहाचा आहे. अशा माणसाला भित्रा ठरवण्याचा अधिकार, ज्याला ती किंमत द्यावी लागत नाही, त्याला पोहोचत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांतील त्याग हा मतबदलाचा परिणाम नसून मत उघडपणे आचरण्याचा परिणाम आहे. बंद दाराआड राहिलेल्या श्रद्धेला किंमत पडली नाही. दुसरा असा की, त्यागाचे निवेदन लेखक कोठे उभा आहे यावर अवलंबून असते. निर्णयाच्या अलीकडे उभे राहून पाहणाऱ्या बाबा पदमनजींना हानी मोठी दिसते. निर्णयाच्या पलीकडून पाहणाऱ्या रमाबाईंना लाभ इतका मोठा दिसतो की हानी सांगण्याजोगी वाटत नाही. आणि दुसऱ्याच्या निर्णयाखाली सापडलेल्या लक्ष्मीबाईंना दोन्ही दिसतात.

तिसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. एका व्यक्तीचा त्याग हा सहसा एकट्याचा नसतो. त्यात पत्नी, मूल, आईवडील यांचाही हिस्सा असतो आणि तो त्यांना न विचारता घेतलेला असतो. यामुळे त्यागाचे नैतिक मोल कमी होते असे नव्हे. पण त्याचा हिशेब अपुरा राहतो. बुरूज बांधण्यापूर्वी खर्च मोजावा असे सांगणाऱ्या दृष्टान्ताचा विस्तार या ग्रंथांच्या वाचनातून असा करता येतो की, खर्च मोजताना तो कोणाच्या पदरातून जाणार आहे हेही मोजावे लागते.

'अरुणोदया'तील पहिली पत्नी, मनोरमा आणि बेथेलसारख्या वसाहतींतील अनाम कुटुंबे यांच्या बाजूचे लेखन उपलब्ध नाही. पत्रव्यवहार, मंडळ्यांची दप्तरे, 'ज्ञानोदय'सारख्या नियतकालिकांतील बारीकसारीक मजकूर आणि ओव्या-गीतांतून उरलेल्या आठवणी यांच्या आधारे ती बाजू काही अंशी उभी करता येईल. 'स्मृतिचित्रे'ने त्यासाठी वाचनाची दिशा घालून दिलेली आहे. संशोधनाने ती आता इतर साधनांपर्यंत नेणे आवश्यक आहे.